मवाळांचा चिरूट

गेल्या आठवड्यात हवानातल्या एका चिरुटाच्या दुकानात, टोपी घातलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या सासऱ्यांच्या जिभेची जाहीर कीव केली, आणि परत येऊन पाच दिवस झाले तरी तो प्रसंग माझ्या घशाखाली उतरलेला नाही. अण्णा, म्हणजे माझे सासरे, सध्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे टोरांटोला आले आहेत. मी आणि पत्नी आठवडाभर क्युबाला निघालो तेव्हा पंचाहत्तरी गाठलेल्या या माणसाने, आमच्या लग्नाला चौदा वर्षे झाल्यानंतर, जावयाकडे पहिल्यांदाच काही मागितले. "एक खरी हवाना आणा. सिनेमातल्या खलनायकासारखी एकदा ओढून बघायची आहे. फक्त कडक नको हं, मला पित्त होतं."

अण्णा खाण्यापिण्यात मवाळ पक्षाचे आहेत. मिसळ मागवली तर तर्री वगळून आणि दह्याची वाटी आधी. हिरवी मिरची शेजारच्या ताटात दिसली तरी उचकी यांना लागते. १९१५ साली गोखले गेल्यानंतर मवाळांची परंपरा कोणी निष्ठेने चालवली असेल, तर ती अण्णांनी, स्वयंपाकघरात. आणि हे गृहस्थ जन्मले कुठे, तर निपाणीला. ज्या गावाला विडीच्या तंबाखूचा वास आहे, ज्या गावात १९८१ साली शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग रोखून धरला होता, त्या गावातल्या वखारींच्या सावलीत ते वाढले. तरीही आपण विडीला कधी हात लावला नाही असे ते सांगतात, आणि ते तसे सांगत असताना सासूबाई नेहमी दुसरीकडे पाहतात. या तपशिलाकडे मी वेळीच लक्ष द्यायला हवे होते.

हवानाच्या ओबिस्पो रस्त्यावर अर्ध्या तासात तीन तरुणांनी मला गाठले. तिघांचेही भाऊ चिरुटाच्या कारखान्यात कामाला होते, आणि तिघांच्याही म्हणण्यानुसार कामगारांच्या सहकारी संस्थेची निम्म्या दरातली विक्री नेमकी आजच संपणार होती. अशा विक्रीत काचेच्या झाकणाच्या पेटीतले कोहिबा या नामांकित छापाचे चिरूट मिळतात, आणि काचेचे झाकण म्हणजे माल बनावट, एवढे मी वाचून गेलो होतो. म्हणून मी सरळ हिरवट सरकारी मोहर लावलेल्या पेट्यांच्या अधिकृत दुकानात शिरलो. तयारी म्हणून फोनवर 'हलका' या अर्थाचा स्पॅनिश शब्दही शोधून पाठ केला होता. काउंटरमागच्या बाईंना मी नमस्कार केला आणि प्रत्येक अक्षर सुटे उच्चारून म्हणालो, "मुय लिहेरो." अगदी हलका.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या काही बोलण्याआधीच कोपऱ्यातल्या चामडी खुर्चीतून खोकल्याचा आणि हसण्याचा एकत्र आवाज आला. तिथे पांढरी पनामा टोपी घातलेले, साठीचे, तांबूस चेहऱ्याचे एक गृहस्थ बसले होते. ते त्या दुकानाचे मालक नव्हते, नोकर नव्हते आणि मी तिथे होतो तेवढ्या वेळात गिऱ्हाईकही झाले नाहीत. त्यांनी इंग्रजीत मला समजावले की 'लिहेरो' म्हणजे हलका हे शब्दकोशात खरे. तंबाखूच्या धंद्यात मात्र लिहेरो हे रोपाच्या शेंड्याचे, सर्वांत जास्त ऊन खाल्लेले आणि सर्वांत कडक पान. म्हणजे मी पित्ताच्या माणसासाठी तर्रीचा मागितला होता, तोही हात जोडून.

बाई भल्या होत्या. त्यांनी काउंटरबाहेर येऊन स्वतःचेच रोप केले. गुडघ्याला हात लावून म्हणाल्या, बोलादो, खालचे पान, चिरूट नीट जळत राहावा म्हणून; कमरेला हात लावून सेको, वासासाठी; आणि डोक्यावर हात ठेवून लिहेरो, ताकदीसाठी. सौम्य हवा असेल तर म्हणायचे 'सुआवे'. एवढ्यावर माझे काम झाले होते, परंतु टोपीवाल्यांना ते मान्य नव्हते.

"कोणासाठी हवा आहे?"

"सासऱ्यांसाठी."

"ते काय पितात?"

"ताक."

हे इंग्रजीत सांगताना मला उगीचच अपराध्यासारखे वाटले. त्यांनी डोळे मिटले, जणू डॉक्टरांनी वाईट रिपोर्ट वाचला. मग कॉफी कशी घेतात, असे विचारले. मी म्हणालो, भरपूर दूध, भरपूर साखर आणि वर जायफळ. "जायफळ!" गृहस्थ खुर्चीतून निम्मे उठले. जायफळ ओळखणारी जीभ ही झोपलेली जीभ आहे, तिला जागे करायला बोलिव्हार द्यायला हवा, असे म्हणून ते त्या चिरुटाची चव सांगू लागले: आधी काळी मिरी, मग कडू कोको, मग ओले चामडे, आणि शेवटी पावसानंतरचा घोड्यांचा तबेला. मी नम्रपणे म्हणालो की अण्णांना तबेल्याची आवड नाही. त्यावर त्यांनी केनेडींची गोष्ट सांगितली. १९६२ साली क्युबाच्या व्यापारावर बंदी घालण्याच्या आदल्या दिवशी अध्यक्षांनी आपल्या प्रसिद्धी सचिवांना पिटाळून 'पेतित उपमान' नावाचे १२०० क्युबन चिरूट गोळा करून आणवले, आणि ते हाती आल्यावरच बंदीच्या कागदावर सही केली. "याला म्हणतात आवड," ते म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांसाठी तुम्ही च्युइंगगम न्या." आणि पुन्हा तो खोकला, ते हसणे.

मला राग च्युइंगगमचा आला नाही. राग या समजुतीचा आला, की सौम्य चव ही चवच नव्हे, ती चवीची उणीव. ही जमात आपल्याकडेही काही कमी नाही. मिसळीच्या टपरीवर "झेपेल ना?" असे विचारणारा पोऱ्या, ठेच्याने घाम फुटल्यावर पदक मिळाल्यासारखा चेहरा करणारे मित्र, बिनसाखरेची काळी कॉफी पिऊन आपल्या चहाकडे करुणेने पाहणारे सहकारी, हे सगळे त्या टोपीवाल्यांचे सख्खे चुलतभाऊ आहेत. ज्याला सोसते त्याला कळते, असे यांना कोणी सांगितले? मिरीआड लपलेला वास हुडकण्यापेक्षा साध्या वरणात हिंग कमी पडला हे ओळखणे कितीतरी अवघड आहे, आणि अण्णा ते वाफेवरून ओळखतात. शिवाय कडक माणसाला आणि मवाळ माणसाला पेटी त्याच भावात मिळते. त्या रकमेत आमचा महिन्याचा भाजीपाला आला असता.

बाईंनी दोन चिरूट पुढे ठेवले. एक होयो दे मोंतेरेचा, जाडजूड, पन्नास नंबरी, म्हणजे पाऊण इंचाहून किंचित जास्त. बारीक तो सौम्य आणि काळा तो कडक, हा माझा समज त्यांनी मान हलवून खोडून काढला. जाड चिरूट उलट थंड जळतो आणि रंग फक्त वरच्या पानाचा असतो. दुसरा फोन्सेका. याला पांढऱ्या पातळ कागदात गुंडाळलेले होते, फळवाला महागाचे पेर गुंडाळतो तसे. मी जाणकारीने नव्हे, त्या कागदाला भुलून फोन्सेकाचे पाच घेतले. "शेवटचा तिसरा हिस्सा कडक होत जातो," बाई म्हणाल्या, "तिथे टाकून द्यायचा." टोपीवाले छताकडे पाहत होते.

परतीच्या बसमध्ये, बाकुनायाग्वाच्या उंच पुलावर, मला उत्तर सुचले: केनेडींचा तो उपमान स्वतःच सौम्याकडे झुकणारा चिरूट म्हणून ओळखला जातो! तोवर टोपी पन्नास मैल मागे राहिली होती. हा शोध मी पत्नीला वारादेरो येईपर्यंत तीन वेळा सांगितला.

शनिवारी अण्णांना आधी पोटभर वरणभात वाढला, कारण रिकाम्या पोटी चिरूट डोक्यात जातो. मग मागच्या अंगणात मी तो पेटवून दिला, धूर आत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा, असे बजावले, आणि टोपीवाल्यांची सगळी कथा योग्य त्या संतापाने ऐकवली. अण्णांनी तो पांढरा कागद घडी घालून खिशात ठेवला. ऐकता ऐकता त्यांनी चिरूट खलनायकासारखा दोन बोटांत न धरता वळलेल्या मुठीच्या आडोशाला धरला होता, वाऱ्यात विडी धरतात तसा, आणि धूर दोन्ही नाकपुड्यांतून सरळ रेषेत बाहेर येत होता. तिसरा हिस्सा आला तेव्हा मी टाकायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही. बोटांना चटका बसेपर्यंत ओढला.

"कसा आहे?"

"सपक आहे हो जरा," अण्णा म्हणाले, आणि थोडे पुढे झुकून आवाज उतरवून विचारले, "ते टोपीवाले कुठला घ्या म्हणत होते?"

सासूबाई शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे पाहत होत्या. नाव विसरलो, असे मी सांगितले.