आमच्या हॉरर-न्वार कॅम्पेनला दिलेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार दादा,

टेबलावर छोट्या फिगर मांडून, एकच कथा सलग डावांत पुढे नेत खेळायच्या आमच्या कॉमिकवर बेतलेल्या गेमचा तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचा डिटेक्टिव्ह दुसऱ्याच रविवारी मेला आणि पुढे तुम्ही नुसते बसून राहिलात. फिगर अर्धवट रंगवलेल्या वाटल्या. गल्ल्या इतक्या अरुंद की रायफल चालवायला जागा नाही. कॉमिकची नायिका कुणालाच खेळायला दिली नाही. चार रविवारांचे 1,200 रुपये वाया गेले, असं तुम्ही लिहिलंय.

पहिल्या तक्रारीत चूक माझीच. जखमांच्या तक्त्यावर 1 पडला की पात्र कायमचं संपतं, हे फासे हातात देण्याआधी तोंडाने सांगायला हवं होतं. मी ते नियमांच्या छापील कागदावर सोडलं. नवं पात्रही लगेच दिलं नाही, दोन तास तुम्हाला बघ्यासारखं बसवलं. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. नियम मात्र काढणार नाही. न्वार म्हणजे अंधाऱ्या गुन्हेगारी कथेतला माणूस पुढच्या अंकात ठणठणीत होऊन येत नाही. एका डावातली जखम पुढच्या डावातही अंगावर राहावी, म्हणून तर सुटे डाव सोडून कॅम्पेन खेळायचं. यापुढे नवं पात्र त्याच संध्याकाळी मिळेल, आणि मेलेल्याच्या खिशातला एखादा पुरावा त्याच्याकडे जाईल.

नायिकेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझे तीन महिने तिच्यावरच गेले. आपला गेम ज्यावर बेतलाय ते लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार शॉन फिलिप्स यांचं ‘फताल’ हे कॉमिक 2012 ते 2014 या काळात 24 अंकांत आलं. त्यातल्या जोसेफीनकडे पुरुष ओढले जातात, आणि ती ओढ तिच्याही पुरती ताब्यात नाही. पहिल्या चाचणीत मी तिला एका खेळाडूच्या हाती दिलं होतं. त्याने काय केलं, तर तिला पुढे उभं करून समोरची टोळी चौकात गोळा केली आणि गोळ्या घातल्या. दर डावात तेच. भीती कुठेच उरली नाही. म्हणून आता ती कुणाचीच नाही. तिच्यापासून 6 इंचांच्या आत आलेल्या प्रत्येक पुरुष पात्राने फासा टाकायचा, आणि हुकला तर त्याची पुढची चाल तिच्या दिशेने, मग तो कुणाच्याही टोळीतला असो. मँटिक या ब्रिटिश कंपनीने 2016 मध्ये ‘द वॉकिंग डेड’ कॉमिकवरून मिनिएचर गेम काढला, तिथेही चालते मुडदे (झोंबी) कुठल्याच खेळाडूच्या बाजूचे नसतात. आवाज झाला की ते तिकडे वळतात, त्यामुळे गोळी झाडताना दर वेळी हात अडखळतो. कॉमिकचं कथानक टेबलावर जसंच्या तसं टिकत नाही, खेळाडू ते पहिल्या दोन चालींतच मोडतो. भीती टिकवायची तर तिला नियमातच बसवावं लागतं.

फिगर अर्धवट नाहीत. या 28 मिलिमीटरच्या फिगरना आधी पूर्ण काळा प्रायमर म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मग वरून एकाच बाजूने पांढरा स्प्रे, आणि त्यावर फक्त करड्या छटा. हॅटखालचा अर्धा चेहरा मुद्दाम काळा ठेवलाय. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिकणाऱ्या एका मुलीने एकेका फिगरला चार-चार तास दिलेत, ‘प्रायमर मारून सोडून दिलंय’ हे वाचून तिला वाईट वाटलं. पण आमच्या ट्यूबलाइटखाली त्या सावल्या दिसतच नाहीत, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. या आठवड्यात टेबलाच्या कडेला वेगळा दिवा लावतोय.

गल्ल्या 3 इंचांच्याच राहतील. कॉमिकच्या पहिल्या भागातलं शहर सॅन फ्रान्सिस्को आहे, पण गल्लीची रुंदी मी आपल्या बडोद्याची घेतली. मी दांडिया बाजाराजवळच्या पोळात, म्हणजे जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत वाढलो. रात्री लाइट गेली की मागून पावलं ऐकू यायची, आणि माणूस ओट्यापाशी येईपर्यंत कोण आहे ते कळायचं नाही. तशा जागी रायफल अडचणच करते. तुमच्या समोरच्या खेळाडूने चाकू आणि कंदील घेतला होता, आठवत असेल.

शेवटचा डाव मात्र नऊला शटर पाडायचं म्हणून मी घाईत गुंडाळला. त्या रविवारचे 300 रुपये परत करतोय. येत्या रविवारी 4 वाजता तोच डाव पुन्हा मांडतो, त्याचे पैसे नाहीत. उरलेल्या तिघांनी येतो म्हणून सांगितलंय. तुमच्या डिटेक्टिव्हची फिगर काउंटरवर वेगळी काढून ठेवली आहे. खेळायला यायचं नसलं, तरी ती तुमचीच, घेऊन जा.