जुने कपडे विकत घ्यायला लाज कसली?

आपल्याकडे नवीन बाळाला मुद्दाम जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घालतात. मामेभावाचा स्वेटर खालच्या सगळ्या भावंडांना पुरतो आणि आजीच्या लुगड्याची गोधडी तर घरात भांडून घेतात. पण तसाच वापरलेला शर्ट पैसे देऊन आणला म्हटलं की लगेच "शी, कुणाचा असेल काय माहीत!"

बोहारणीला गाठोडं देऊन पातेलं घेताना मात्र पुढे त्या कपड्यांचं काय होतं हे कुणी विचारत नाही. वाघरी समाजातल्या बायका पिढ्यान् पिढ्या हे काम करतायत, कपडे निवडायचे, धुवायचे, बटणं लावायची, इस्त्री करून बाजारात विकायचे. कष्टकरी माणसं ते कधीपासून घेतायत, आपण फक्त देणार आणि घ्यायची वेळ आली की नाक मुरडणार.

मी घेते. पर्यावरण वगैरे नंतर, आधी हिशोब. नवीन कॉटनचा कुर्ता दुकानात खळीमुळे कडक दिसतो, पहिल्याच धुण्यात खळ जाते, रंग जातो आणि वर आटतो पण. वापरलेल्याचं जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं, दिसतंय तेच मिळतं आणि तेही कितीतरी स्वस्त.

आता पर्यावरण. एका कॉटन टीशर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी लागतं असं सांगतात, त्यातलं बरंचसं कपाशीलाच. आपल्या विदर्भातली कपाशी बहुतेक कोरडवाहू, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे चिकटवू नका, पण खत, फवारणी, रंगाचं सांडपाणी आहेच ना! आणि "रिसायकल होतं की" हे फारसं खरं नाही. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचं सूत काढून ब्लँकेटं करतात, पण कॉटन-पॉलिस्टर मिक्स वेगळं करणं महाकठीण. त्यापेक्षा आहे तेच जास्त दिवस घाला.

घेताना कपडा उजेडात धरून बघा, काखेची शिवण, कॉलरची घडी, चेन नीट तपासा, घरी आणल्यावर धुऊन कडक ऊन द्या. आतले कपडे मी घेत नाही, तेवढं सोवळं माझंही आहे. आणि स्वस्त म्हणून ढीगभर उचलणार असाल तर राहू द्या.

सगळ्यात फायद्याचं म्हणजे लग्नाचे कपडे, एक दिवस घालून वर्षानुवर्षं कपाटात पडलेले. कुणाकडे ४२ साइझची शेरवानी असेल तर मेसेज करा, भावाला डिसेंबरात हवीय. भाव मात्र नीट सांगा, घासाघीस होणारच.