आईचे एकोणीस गुण

गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सोलापुरात आमच्या घराजवळ ज्येष्ठांसाठी स्मृती तपासणी शिबिर भरलं. आईला ३० पैकी १९ गुण पडले. ‘डिमेन्शियाची शक्यता’, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, असं लिहिलेला कागद घेऊन ती घरी आली आणि चार दिवस धड जेवली नाही.

मी सिडनीत ज्येष्ठांच्या दवाखान्यात नर्स आहे. भावाने फोटो पाठवला आणि मी कागद लगेच ओळखला. ही १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली एमएमएसई नावाची स्मृती-चाचणी. शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. आईची शाळा दुसरीत सुटली. चाळीस वर्षं तिने विड्या वळल्या. कट्ट्यांचा हिशेब कधी चुकला नाही, पण पंचकोन तिने जन्मात काढला नव्हता. त्यात मंडपात लाऊडस्पीकर, आणि तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

त्याच शिबिरात शेजारच्या काकांना २८ पडले. काका निवृत्त मुख्याध्यापक. काकू मात्र वर्षभर सांगताहेत की ते दूधवाल्याला दोनदा पैसे देतात, नव्या पेठेतून घरी येताना रस्ता चुकतात. ‘अहो, २८ म्हणजे उत्तम!’ म्हणून त्यांना परत पाठवलं. मला आईपेक्षा काकांचीच जास्त काळजी वाटते.

नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, साठीनंतर सगळ्यांची सरसकट तपासणी करा. दुसऱ्यांचं, वय झालं की विसरायचंच. दुसरं मला साफ अमान्य आहे. बी-१२ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. पण सरसकट तपासणीचंही गणित मांडून बघा. २०२३ च्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या शंभरांत सातएक जणांना डिमेन्शिया आहे. चाचणी उरलेल्या ९३ पैकी दहा टक्क्यांच्या बाबतीत जरी चुकली, तरी खऱ्या रुग्णांपेक्षा उगाच घाबरवलेले जास्त होतील.

सिडनीतच २००४ मध्ये रुडास नावाची चाचणी तयार झाली. तिच्यात चहा, तेल, अंडी, साबण अशी वाणसामानाची यादी लक्षात ठेवायची असते. सिग्नल नसलेला वर्दळीचा रस्ता कसा ओलांडाल, असंही विचारतात. हे आईला विचारा! आपल्याकडेही १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर ज्येष्ठांसाठी हिंदीत चाचणी बेतली गेली होती. म्हणजे वाट माहीत आहे. सोलापुरात मात्र अशी चाचणी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दूतही लागेल.

इथे सिडनीत आम्ही घरच्यांना वेगळं बसवून विचारतो: दहा वर्षांपूर्वीच्या मानाने पैशांचे व्यवहार कसे जमतात? नव्या वस्तू शिकता येतात? पण भारतातून आलेल्या आजोबांची मुलं दिवसभर कामावर असतात, ती काय सांगणार? रकाने कोरेच राहतात. सोलापुरात चाळीस वर्षं सोबत राहिलेली बायको मंडपाबाहेर बाकावर बसलेली असते आणि तिला कुणी आत बोलावत नाही.

आईला कानाच्या डॉक्टरांकडे नेलंय. काकूंना मी सांगितलं, तारखेनिशी लिहून ठेवा. आता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या चौकटींत त्या बारीक अक्षरांत नोंदी करतात: ‘दूध, दोनदा’, ‘किल्ली फ्रिजमध्ये’, ‘आज छान’. तीच दिनदर्शिका गुंडाळून सोमवारी त्या काकांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे घेऊन जाणार आहेत.