‘मराठवाड्याचे आकडेच मिळत नाहीत’ म्हणे!

पीएचडी करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: मराठवाड्यावर आर्थिक संशोधन करायच्या भानगडीत पडू नका, जिल्ह्याचे आकडे नसतात, असतात ते विकत घ्यावे लागतात, सरकारी तर खोटेच. त्यापेक्षा शंभर प्रश्नावल्या भरून घ्या आणि मोकळे व्हा.

‘जिल्ह्याचे आकडे नसतात.’ राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर आर्थिक पाहणी काढतं. तिच्यात जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो. त्याच खात्याचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ चाळा, कित्येक तक्ते तालुक्यापर्यंत जातात. राष्ट्रीय नमुना पाहणीत ‘इनलँड सेंट्रल’ नावाचा विभाग आहे, तो म्हणजे आपलेच आठ जिल्हे. ‘मराठवाडा’ टाइप करून सापडलं नाही, एवढ्यावरून नाही म्हणायचं?

‘विकत घ्यावे लागतात.’ कंपन्यांचे ताळेबंद हवे असतील तर काही डेटाबेसना पैसे पडतात, खरंय. पण बँकांच्या ठेवी आणि कर्जं रिझर्व्ह बँक जिल्हावार, दर तिमाहीला, फुकट देते. खरी गोम पुढे आहे. जालन्यातल्या स्टील कारखान्याचं कर्ज मुंबईच्या शाखेत मंजूर झालं, तर मंजुरीच्या ठिकाणानुसार ते मुंबईत मोजलं जातं आणि वापराच्या ठिकाणानुसार जालन्यात. रिझर्व्ह बँकेकडे दोन्ही प्रकारची आकडेवारी असते. त्यामुळे एकाच चर्चासत्रात एकाच जिल्ह्याची दोन कर्ज-ठेव गुणोत्तरं (ठेवींच्या तुलनेत कर्ज किती) येतात आणि दोघं एकमेकांना खोटं पाडत बसतात. तक्त्याचं शीर्षक कुणीच वाचलेलं नसतं.

‘सरकारी आकडे खोटे.’ जिल्हा उत्पन्नाचा बराच भाग राज्याचा आकडा जिल्ह्यांत वाटून काढलेला असतो. तो अंदाज आहे, त्याला अंदाजच म्हणा. शिवाय 2011 नंतरची लोकसंख्याही अंदाजितच धरलेली. पण परभणीचं धान्य उत्पादन 1999 नंतर एकदम कोसळलेलं दिसलं, तर आधी दुष्काळावर पान खरडू नका. त्या वर्षी 1 मे रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. लातूर 1982 मध्ये उस्मानाबादेतून निघाला, जालना त्याच्या आदल्या वर्षी झाला. जुनी मालिका जोडायची तर आधी जिल्हे जोडा.

आता प्रश्नावल्या. ‘गेल्या वर्षी सोयाबीन काय भावानं गेलं?’ हे शेतकऱ्याला आठवायला लावण्यात अर्थ नाही. बाजार समित्यांची रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर ॲगमार्कनेट या केंद्र सरकारच्या बाजारभावांच्या संकेतस्थळावर मिळतात. सर्वसाधारण दर म्हणजे सरासरी नव्हे, जास्तीत जास्त माल ज्या दरानं गेला तो दर. महिन्याचा भाव काढताना रोजच्या आवकेचा भार द्या, म्हणजे ज्या दिवशी माल जास्त आला त्या दिवशीचा दर जास्त मोजा.

प्रश्नावली घेऊन जायचंच असेल तर बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांकडे जा. उचल, म्हणजे कामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, किती घेतली, किती फिटली, हे टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत असतं, सरकारी तक्त्यात नाही. तिथंही एक सांभाळा: उचल कोयत्यावर ठरते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. प्रश्नावलीत माणशी रकाना ठेवलात तर कुणी पूर्ण रक्कम सांगेल, कुणी निम्मी, आणि नंतर त्यातली कुठली कोणती हे तुम्हालाही कळणार नाही.