दोन दिवस लागतील, लिहून घ्या

सॉफ्टवेअरचं काम किती दिवसांत होईल याचा अंदाज देताना कामाकडे बघू नये, विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघावं. काम बघितलं की आकडा वाढतो, आणि वाढलेला आकडा कोणालाच आवडत नाही.

जागा म्हणाल तर आयटी पार्कजवळचा पोह्यांचा ठेला उत्तम. हातात प्लेट, तर्रीने नाक गळतंय, आणि मॅनेजर विचारतात, "लॉगिनवर ओटीपीचं एक बटन तं टाकायचं आहे जी. किती टाइम लागन?" इथे 'बघून सांगतो' म्हणणारा माणूस निगेटिव्ह ठरतो. सरळ "दोन दिवस" म्हणा. प्लेट रिकामी व्हायच्या आत क्लायंटला मेल गेलेला असतो.

मग निवांत बटन टाका, अर्ध्या तासाचं काम. ओटीपीच्या मेसेजचा मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या मेसेज-नोंदणीच्या पोर्टलवर, नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात शब्द इकडचा तिकडे झाला तर मेसेज वाटेतच अडतो, कोणी दहादा चुकीचा आकडा टाकला तर काय, नंबरच बदललेला असला तर काय, हे सगळं तुम्हाला तिसऱ्या दिवशी कळावं. आधी कळलं तर पोह्यांची चव जाते.

तोवर रोज 'नव्वद टक्के झालं' म्हणत राहा. बेल लॅब्जच्या टॉम कारगिलने हिशेब मांडूनच ठेवलाय: पहिल्या ९० टक्के कोडला ९० टक्के वेळ लागतो, उरलेल्या १० टक्क्यांना उरलेला ९० टक्के.

प्लॅनिंग पोकर, म्हणजे प्रत्येकाने आपला अंदाज पत्त्यावरच्या आकड्याने दाखवायचा खेळ, खेळायला लावलं तर खेळा. पत्ते सगळ्यांनी एकदम उलटायचे असा नियम आहे, म्हणून आपण जरा हळू उलटायचा. सीनियरचा ३ दिसला की आपला ८ परत गड्डीत.

उशीर झाला की आणखी दोन पोरं मिळतील. नाही म्हणू नका. रखडलेल्या कामात माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, हे आयबीएमवाले फ्रेड ब्रूक्स १९७५ मध्येच लिहून गेलेत. पण क्लायंटला सांगायला काहीतरी नको का? आणि तो तापलाच तर विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाचा विषय काढा. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा असलेला प्रकल्प पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. आपलं तर एक बटन आहे.

सहा आठवड्यांनी बटन चालू होतं. पार्टी त्याच ठेल्यावर. मॅनेजर खूश आहेत: "आता तं सगळं तयारच आहे, मोबाइल अॅपमध्येही टाकून देऊ. किती टाइम?"

तुमच्या तोंडात पोहे आहेत. दोन बोटं वर करा.