सुट्टे द्या, नाहीतर चॉकलेट घ्या!

तीनशे सत्तेचाळीस रुपयांचं बिल. पाचशेची नोट पुढे केली की किराणा दुकानदाराचा चेहरा उतरतो. "ताई, सुट्टे नाहीत का?" अहो, एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्याच नोटा निघतात, मी सुट्टे आणू कुठून? मग दीडशे रुपये हातात आणि वरच्या तीन रुपयांची तीन चॉकलेटं. मला चॉकलेट नको, माझे तीन रुपये हवेत! आणि उद्या हीच चॉकलेटं मी बिलात दिली तर घ्याल का?

दहाचं नाणं दिलं तर "हे चालत नाही". का चालत नाही? दहाच्या नाण्यांचे सगळे प्रकार वैध आहेत, असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय.

बरं, रोख काढणंही फुकट नाही. महिन्याचे मोफत व्यवहार संपले की १ मे २०२५ पासून बँक प्रत्येक वेळी २३ रुपयांपर्यंत आकारू शकते, वर कर वेगळा. स्वतःचेच पैसे काढायला!

म्हणून मी कार्ड काढते. तीनशे सत्तेचाळीस म्हणजे तीनशे सत्तेचाळीसच जातात, महिनाअखेरीस हिशेबही समोर असतो. तर तिथेही "कार्डावर दोन टक्के जादा लागतील हं." माझं रुपे डेबिट कार्ड आहे, त्यावर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्कच नाही! मग हे दोन टक्के कसले? विचारलं की उत्तर ठरलेलं: "मशीन बंद आहे, रोख द्या."