शिकाऊ सिस्टर आणि ट्रान्सप्लांटचं पोस्टिंग : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मुंबईत नर्सिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला शिक्षण संपायच्या आत अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांसोबत पोस्टिंग मिळायला हवं. त्यावर तुम्ही तीन हरकती घेतल्यात. मुलींना अजून साधी सलाइन धड लावता येत नाही, त्यांना ट्रान्सप्लांट कशाला? नवी किडनी बसवलेल्या पेशंटजवळ शिकाऊ हात म्हणजे इन्फेक्शनला आमंत्रण. आणि पोस्टिंगच्या नावाखाली हॉस्पिटलं फुकटात कामाला माणसं वापरून घेतात. 32 वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या सिस्टरने हे लिहिलंय, त्यामुळे दोन ओळींत उत्तर उरकणं मला पटेना.

तिसऱ्या हरकतीपासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी स्वतः पाहिलंय, स्टाफ कमी पडला की ड्युटी लिस्टमध्ये स्टुडंटचं नाव पक्क्या सिस्टरच्या जागी चढतं. पंधरा दिवस मुलगी लॅबमध्ये सॅम्पल पोचवते, ब्लड बँकेतून पिशव्या आणते, आणि शेवटच्या दिवशी लॉगबुकवर एका बैठकीत सगळ्या सह्या होतात. त्याला मी पोस्टिंग म्हणतच नाही. स्टुडंट स्टाफमध्ये मोजायची नाही, आणि जिच्या हाताखाली ती शिकणार त्या सिस्टरचं नाव त्या दिवशीच्या लिस्टवर लिहिलेलं हवं. एवढं होत नसेल तर पोस्टिंग न दिलेलं बरं.

पण पहिल्या हरकतीवर मला माझीच एक चूक सांगायची आहे. नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, जनरल मेडिसिनचा वॉर्ड होता. डेंग्यूचा एक पेशंट आला, तीन वर्षांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालेला. सकाळी 8 च्या राऊंडला सगळ्यांच्या गोळ्या वाटल्या, तशी त्याचीही टॅक्रोलिमस दिली, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायची गोळी. 10 वाजता टॅक्रो लेव्हलचं, म्हणजे रक्तात ते औषध किती आहे हे पाहायचं रक्त काढलं. रिपोर्ट भलताच जास्त आला, डोस कमी केला गेला. काही दिवसांनी क्रिएटिनिन चढू लागलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं, आणि तो माणूस रिजेक्शनच्या (शरीर किडनी नाकारू लागल्याच्या) उपचारासाठी परत भरती झाला. किडनी वाचली. पण ती लेव्हल खोटी होती आणि ती खोटी मी केली होती. आदल्या डोसनंतर साधारण 12 तासांनी, पुढची गोळी द्यायच्या आधी रक्त काढायचं, हे मला ना कॉलेजात कुणी सांगितलं होतं, ना वॉर्डात. मला सलाइन उत्तम लावता येत होती, ताई.

ट्रान्सप्लांटचा पेशंट ट्रान्सप्लांट युनिटमध्ये राहतो फार थोडे दिवस. पुढची सगळी वर्षं तो आपल्यातच असतो : लोकलमध्ये, ऑफिसात, आणि ताप आला की तुमच्या-माझ्या साध्या वॉर्डात. टीबी झाला (मुंबईत होतोच) आणि रिफॅम्पिसिन सुरू झाली, की टॅक्रोची लेव्हल झपाट्याने खाली येते. काही अँटिफंगल औषधांनी ती वर चढते. अशा पेशंटच्या उशाशी शेवटी जी सिस्टर असते, तिने युनिटचं दारही कधी पाहिलेलं नसतं.

एकदा तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीला मी फॉलोअपच्या ओपीडीत बसवलं होतं. गणपती नुकतेच झाले होते. एका तरुणाची लेव्हल विनाकारण वर गेलेली. औषधं तीच, वेळाही पाळलेल्या. ही मुलगी त्याच्या आईजवळ बसून घरच्या गप्पा मारत होती. गावाहून काय काय आणलंत, नैवेद्याला काय होतं, असं विचारता विचारता आई म्हणाली, पपनस. दारातलंच झाड, रोज खात होता. पपनस ग्रेपफ्रूटच्या जातीतलं, टॅक्रोची लेव्हल वाढवू शकतं. फळ बंद केलं, लेव्हल पुन्हा तपासली, खाली आलेली होती. ग्रेपफ्रूट खाऊ नका असं छापलेला कागद त्या माउलीच्या पिशवीत होता, पण ग्रेपफ्रूट म्हणजे काय हे तिला कोण सांगणार?

इन्फेक्शनचं म्हणाल तर भीती खरीच आहे. पहिल्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा मारा सर्वांत जास्त असतो, म्हणून ऑपरेशननंतरच्या आयसोलेशन खोलीत स्टुडंट नकोच, याला माझी ना नाही. डायलिसिस, ओपीडी, नंतरचा वॉर्ड इथे एका वेळी दोघी पुरेत. सर्दी असेल त्या दिवशी घरी. मात्र बाराजणांचा राऊंड त्याच पेशंटभोवती उभा राहतो, त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही, ती म्हणजे मृत्यूनंतर अवयव देणारा. तो ट्रान्सप्लांट युनिटमध्ये नसतोच. तो असतो कुठल्यातरी आयसीयूत, रेल्वे अपघातात किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने आलेला. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत्यू (हृदय चालू असलं तरी मेंदूचं काम कायमचं थांबणं) हा मृत्यू मानला. 4 डॉक्टरांचं मंडळ, किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या. त्या 6 तासांत बेडजवळ सिस्टर असते आणि नातेवाईक तिलाच विचारतात, "सिस्टर, छाती तर हलतेय ना?" तिथे कुणी चांगल्या मनाने "हो, पल्स छान आहे, देवावर भरवसा ठेवा" म्हणून गेलं, तर दुसऱ्या चाचणीनंतर त्या कुटुंबावर काय कोसळतं ते मी पाहिलंय. मग विश्वासच उरत नाही, ना डॉक्टरांवर ना आपल्यावर. तिथे अवयवदानाचा विषयही सिस्टरने काढायचा नसतो, ते काम समन्वयकाचं (ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरचं). तिने व्हेंटिलेटर श्वास देतोय एवढं खरं सांगायचं, डॉक्टरांना बोलवायचं आणि जवळ उभं राहायचं. हे पुस्तकात वाचून येत नाही. ते करणाऱ्या सिस्टरच्या मागे उभं राहून येतं.

काम तर डोंगराएवढं असतं. मेंदूमृत पेशंटची लघवी एकदम तासाला अर्धा लिटरपर्यंत जाऊ शकते, बीपी कोसळतं, अंग गार पडत जातं, आणि डोळे नीट मिटवून ओलसर ठेवले नाहीत तर नेत्रदानाचे कॉर्नियाही खराब होतात. हृदय बाहेर काढल्यावर हातात उरतात 4 ते 6 तास. पण ते काढण्याजोगं राहतं या सिस्टरमुळे. शिवाय त्याच कायद्याच्या 2014 च्या नियमांत समन्वयक होण्यासाठी नर्सचं नाव स्पष्ट आहे. आपल्या मुलींना हे माहीतच नसतं.

मी सध्या दोन आठवड्यांच्या पोस्टिंगसाठी लॉगबुकची पानं तयार करतेय : पहिले तीन दिवस कशालाही हात न लावता फक्त पाहायचं, आणि रोजची सही रोज. डायलिसिसच्या पानावर मी अडले आहे. फिश्चुलाच्या (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडलेल्या) हाताला बीपी लावायचं नाही, डायलिसिसशिवाय सुई टोचायची नाही, हे झालंच; पण पहिल्या दिवशी मुलीने नेमकं काय पाहावं, हे तुमच्याइतकं मला सुचणार नाही. पान पाठवू का? लाल पेनाने खोडून परत पाठवलंत तरी चालेल.